वाईन शॉपवरची प्रभावळ

साहेब, तुमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाई येते ती पिशवी धरायला, असं तुम्ही कायमचं ठरवून टाकलंय. पुरुष आला की तो पेशंट, बाई आली की ती पेशंटच्या सोबतची. तुमच्याच बाकावर बसून एका बाईचा डोळा आतल्या आत जळत होता आणि तुमच्या माणसांनी तिला विचारलं काय, तर पेशंटच्या चपला कुठे ठेवल्यात. तुमच्या नावामागे डिग्र्यांची मालगाडी आहे, भिंतीवर सत्कार करून घेतानाचे फोटो आहेत, असू देत. पण डोळ्यांचा दवाखाना चालवता आणि समोर बसलेली बाई तुम्हाला दिसत नाही, म्हणजे आधी तपासायचं कोणाला?

हे बोलायचंच होतं, बोलून झालं. आता कुंदाचं काय झालं ते ऐका.

कुंदा बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने बारीक, चालणं झपझप, आणि बोलायला लागली की बिल्डिंगचा पाण्याचा पंप दमेल पण ही दमायची नाही. नवरा नरेंद्र अंबरनाथच्या एमआयडीसीत ग्राइंडिंगवर. मुलगा यज्ञेश ठाण्याला नोकरीला, सून राजसी घरूनच लॅपटॉपवर काम करणारी. घरात माणसं चार आणि खुर्च्याही चार, पण कुंदाला खुर्चीवर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. जेवायची ती ओट्याला टेकून. चहा गॅससमोर. सिरियल बघायची ती दाराच्या चौकटीत उभी राहून, एक कान कुकरकडे ठेवून.

शुक्रवारची संध्याकाळ तेवढी तिची. त्या दिवशी भजनी मंडळ.

सोसायटीच्या तळमजल्यावर मीटर रूमला लागून एक खोली आहे. बिल्डरने ती ऑफिस म्हणून काढली होती. बायकांनी तिथे देवीची तसबीर टांगली, सतरंजी अंथरली आणि ताबा घेतला. मंडळाच्या प्रमुख बनूबाई. त्या मूळच्या जांभूळच्या, मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून आलेल्या. हाडापेराने भक्कम, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बघणं कायम तिरकं. कोणाशीही बोलताना मान डावीकडे वळवायच्या आणि उजव्या डोळ्याने रोखून बघायच्या. बायकांना वाटायचं, काय रुबाब आहे!

बनूबाईंचा एक नियम होता. आरती सुरू झाली की खोलीतले सगळे दिवे बंद. फक्त समई. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मालिनीने कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ट्यूबलायटीत देवी दिसत नाय गं, भिंतीचे पोपडे दिसतात." पोपडे खरंच होते, त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही.

असाच एक शुक्रवार. ट्यूबलाइट बंद, खोलीत मिट्ट काळोख, मध्ये समई. आरतीच्या मध्यावर कुंदाला डाव्या डोळ्यात जरा जड वाटलं. तिने डोळा चोळला. आणि समईच्या ज्योतीभोवती एक रंगीत कडं उभं राहिलं. आत निळं-जांभळं, बाहेर तांबडं, एकदम नितळ. कुंदाची आरती तोंडातच राहिली.

"बनूबाई," ती कुजबुजली, "समईला रंग दिसतायत."

"कसले रंग?"

"गोल गोल. पावसात उन्हं पडल्यावर दिसतात ना, तसे. ती देवीच्या मागे असते बघा, प्रभावळ, तशी."

झालं. हा शब्द कुंदाच्या तोंडून गेला आणि बनूबाईंच्या हातातले टाळ थांबले. मान डावीकडे वळली, उजवा डोळा कुंदावर रोखला गेला.

"बायांनो," बनूबाई म्हणाल्या, "कुंदेला प्रभावळ दिसली."

मग काय विचारता! आरती राहिली बाजूला, बायका कुंदाच्या पायावर. कुंदा "अगं उठा, काय हे" म्हणतेय, तर डाव्या भुवईच्या वर कोणी खिळा ठोकल्यासारखी कळ आली आणि पोटातून ढवळून आलं. ती धावली ती थेट बाहेरच्या नळावर, आणि भडभडून ओकली.

"पयल्यांदी तेज सोसत नाय," बनूबाई शांतपणे म्हणाल्या. "होईल सवय."

घरी येऊन कुंदा झोपली. सकाळी उठली तर डोकं हलकं, डोळा ठीक. समईची वात नुसती वात.

पुढच्या काही महिन्यांत असं बऱ्याचदा झालं. काळोख, समई, कडं, कळ, ओकारी, झोप. आणि सकाळी लख्ख. देवीची कृपा अशी वेळापत्रक लावून येते म्हटल्यावर अख्ख्या बिल्डिंगची खात्री पटली. मालिनी मुलीच्या लग्नाचं विचारायला आली. कुंदाला काय कळणार? ती म्हणाली, "जमेल, पण मुलाच्या आईला आधी नीट बघून घे." मालिनीला हे देववाणीसारखं वाटलं, खरं तर ते कुठलीही बाई सांगेल.

घरातही वारं फिरलं. नरेंद्र स्वतःचे मोजे स्वतः शोधायला लागला. राजसी चहा करून हातात द्यायला लागली. आणि एके दिवशी यज्ञेशने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "आई, तू बस." कुंदा बसली. टेकली. पाठीला मागून आधार असतो म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. ती त्या खुर्चीतून लवकर उठली नाही.

आता खरं सांगायचं तर तिला काहीतरी खटकत होतं. भिंतीवरचं कॅलेंडर बघताना उजवा डोळा झाकला तर डाव्याला कडेने धुरकट दिसायचं. कधी डोळा लाल व्हायचा. फॅमिली डॉक्टरला तिने डोकेदुखीचं सांगितलं होतं, त्याने पित्ताच्या गोळ्या दिल्या. बाईचं डोकं दुखलं की पित्त, बाई ओकली की पित्त, बाई रडली की टेन्शन. एवढं शिकायला यांना इतकी वर्षं कॉलेजात का घालवावी लागतात देव जाणे. तर कुंदाने गोळ्या घेतल्या आणि डोळ्याचं कोणाला बोलली नाही. बोलली असती तर कोणीतरी म्हणालं असतं, दाखवून ये. आणि दाखवल्यावर प्रभावळ गेली तर? खुर्ची गेली तर?

मग नरेंद्रच्या डोळ्यात लोखंड गेलं.

दुपारी कंपनीतून फोन आला. ग्राइंडिंग करताना कीस उडाला, उजव्या डोळ्यात रुतला, गॉगल शर्टाच्या खिशात. गॉगल घातला की घाम येतो म्हणे. कंपनीच्या जीपने त्याला उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. यज्ञेश ऑफिस सोडून बाइकवर निघाला. राजसीने मीटिंग बंद केली आणि ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. कुंदाने पिशवी भरली: टॉवेल, चादर, पाण्याची बाटली, बिस्किटं. रिक्षा पकडली आणि पोचली.

काउंटरवर एक मुलगी होती. मान वर न करता तिने विचारलं, "पेशंट?"

"नरेंद्र. लोखंड गेलंय."

"आप साथ में हैं?"

"हो."

"चप्पल बाहर निकाली ना उनकी? अंदर नहीं चलेगी. आप उधर बैठो, आंटी."

कुंदा बसली. भिंतीवर हेल्मेट-गॉगल घातलेल्या कामगाराचं मोठं चित्र: डोळे सांभाळा, कुटुंब सांभाळा. बाकांवर डोळ्यांना पट्ट्या लावलेले पुरुष, प्रत्येकाच्या शेजारी पिशवी घेतलेली बाई. औषध घातलेल्या डोळ्यांना उजेड खुपू नये म्हणून पडदे ओढलेले. अर्धवट अंधार. त्या अंधारात कुंदा बसून राहिली, नरेंद्रचा नंबर लागला, तो आत गेला, ही बाहेरच.

आणि डावा डोळा जड झाला.

डॉक्टरांच्या केबिनच्या दारावर लाल बल्ब होता. आत पेशंट असला की लागायचा. कुंदाने वर बघितलं तर त्या लाल बल्बभोवती प्रभावळ. निळी, जांभळी, तांबडी, भलीमोठी. सवयीने तिचे हात जोडले गेले. नेमका त्याच वेळी दार उघडून शिपाई चहाचे रिकामे कप घेऊन बाहेर आला. समोर बाकावर बाई हात जोडून बसलेली.

"नमस्ते, आंटी," तो म्हणाला. "साहब को बोलता हूँ, टेन्शन मत लो."

कुंदाला हसूही आलं आणि कळही आली. या खेपेची कळ वेगळी होती. भुवईतून निघून कानामागून दातात उतरत होती. तिने भिंत धरली आणि तिथल्या सिस्टरकडे गेली.

"सिस्टर, माझं डोकं फार दुखतंय हो. ह्या डोळ्याच्या वर. आणि दिव्याला रंग दिसतायत."

सिस्टर नरेंद्रची पट्टी कापत होती. "मिस्टर ठीक हैं आपके, निकल गया लोहा. आपने दिल पे लिया है. नींबू पानी पी लो नीचे."

तेवढ्यात साहेब स्वतः बाहेर आले. नरेंद्रच्या पाठीवर थाप मारली, "वाचलात, बुबुळाच्या मध्यावर नव्हतं" म्हणाले. कुंदाने पुन्हा तेच सांगितलं: डोळा, डोकं, रंग, ओकारी. साहेबांनी तिच्याकडे नाही, नरेंद्रच्या कागदाकडे बघत ऐकलं.

"सकाळपासून उपाशी असाल. पित्त आहे. खाऊन घ्या काहीतरी."

आणि पुढच्या पट्टीकडे वळले.

येताना रिक्षात नरेंद्र आणि कुंदा. यज्ञेश मागून बाइकवर. संध्याकाळ झाली होती, कॅम्प पाचातली दुकानं उजळली होती. कुंदा डोकं धरून बाहेर बघत होती. वाईन शॉपच्या बल्बला प्रभावळ. शेजारच्या चिकन सेंटरच्या बल्बला प्रभावळ. मेडिकलच्या हिरव्या फुलीला प्रभावळ. समोरून टेम्पो आला, त्याला दोन.

"अहो," कुंदा म्हणाली, "वाईन शॉपवर प्रभावळ दिसतेय."

नरेंद्रने पट्टी नसलेला डोळा तिकडे वळवला. "मला नाही दिसत काही. पण दुकान चालू आहे का?"

"गप्प बसा!"

"बरं बाबा. विचारलं आपलं."

कुंदा गप्प झाली. तिच्यासाठी ही नवी गोष्ट होती, म्हणून नरेंद्र घाबरून तिच्याकडे बघत राहिला. ती विचार करत होती. देवी कुठेही असू शकते, मान्य. वाईन शॉपवरही असेल, तिथल्या माणसांना तिची जास्त गरज. पण चिकन सेंटर, मेडिकल आणि टेम्पोचे दोन्ही दिवे, सगळीकडे एकाच वेळी, आणि तेही फक्त डाव्या डोळ्यालाच? तिने डावा डोळा हाताने झाकला. सगळ्या प्रभावळी गेल्या. उल्हासनगर नुसतं उल्हासनगर राहिलं.

ही देवी नव्हे. हे माझ्या डोळ्यात काहीतरी आहे.

घरी नरेंद्रचा राज्याभिषेक झाला. पट्टी लावून तो खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर, शेजारी-पाजारी शहाळी घेऊन बघायला. कंपनीतले लोक आले, गावाकडून फोन आले. प्रत्येकाला तो लोखंड कसं उडालं ते सांगायचा आणि दर वेळी ते लोखंड थोडं मोठं व्हायचं. कुंदा पुन्हा गॅससमोर. कोणालाही राग नव्हता तिच्यावर, कोणी मुद्दाम काढून घेतली नव्हती खुर्ची. नुसतं तिला विसरले होते.

या खेपेला झोपूनही कळ उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बनूबाईंकडे गेली. बनूबाई बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होत्या.

"बनूबाई, प्रभावळ टेम्पोला पण दिसली."

"देवी काय फक्त देवळात ऱ्हाते?"

"फक्त डाव्या डोळ्याला दिसते पण. आणि दुखतं. मरणाचं दुखतं हो. आणि कडेचं दिसेनासं झालंय."

बनूबाईंनी तांब्या खाली ठेवला. म्हणाल्या, "मना पन तसंच झालं व्हतं."

"काय झालं होतं?"

"गावी असतांना. समईला रंग, चुलीला रंग. डोका असा फुटायचा का भिंतीवर आपटून घ्यावा वाटे. मंग एक दिवस दुखायचा थांबला. आन् डोळा पन थांबला." त्यांनी बोट डाव्या डोळ्याकडे नेलं, जसं दुसऱ्या कोणाच्या डोळ्याकडे दाखवतात तसं. "ह्याला काय बी दिसत नाय. सासू म्हनली, देवीनं मागून घेतला. मी दिला. नशीबवान बाईचा मागते ती."

कुंदा उभीच राहिली. तो रुबाब, ती वळलेली मान. इतकी वर्षं सगळ्या बायका त्या तिरक्या नजरेला दबून होत्या, आणि ती बाई फक्त उरलेल्या डोळ्याने माणूस शोधत होती.

"भिऊ नको, कुंदे," बनूबाई मायेने म्हणाल्या. "एकदा गेला का दुखत नाय."

मायेने म्हणाल्या, हे सर्वांत वाईट. कुंदा जिने धडाधड उतरून घरी आली आणि राजसीच्या लॅपटॉपसमोर उभी राहिली.

"राजसी, माझा उजवा डोळा झाक."

"काय झालं, आई?"

"झाक तर. आणि हात वर धर. मी सांगते किती बोटं दिसतात."

राजसीने एका हाताने सासूचा उजवा डोळा झाकला, दुसरा हात बाजूला उंच धरला.

"धर ना हात," कुंदा म्हणाली.

राजसीचा हात कुंदाच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला हवेतच होता. तिने तो हळूहळू पुढे आणला. पार नाकासमोर आल्यावर कुंदा म्हणाली, "हां, आता धरलास."

राजसीने लॅपटॉप धाडकन मिटला. "साडी बदलायची गरज नाही. चला, आई."

"आणि ह्यांचं जेवण?"

"बाबांचा एक डोळा आणि दोन हात शाबूत आहेत. कुकर लावतील."

खुर्चीतून नरेंद्र म्हणाला, "मी? कुकर?" त्यावर राजसी नुसतं बघत राहिली. तो उठला.

दवाखान्यात तीच मुलगी. "पेशंट?"

"मी," कुंदा म्हणाली.

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. "आप तो मिस्टर के साथ आई थीं ना?"

"आज मिस्टर नाहीत. आज नुसती मी आहे."

आत यंत्राला हनुवटी लावून झाली, डोळ्यात थेंब घालून दाब मोजून झाला, आणि साहेबांचा चेहरा बदलला. सिस्टरला त्यांनी घाईने दोन-तीन औषधं सांगितली. मोजायचं यंत्र पुन्हा आणलं. कुंदाला गोळी दिली, डोळ्यात थेंब घातले, बसवून ठेवलं, पुन्हा मोजलं. सगळे एकदम गोड बोलायला लागले. राजसीने हे ओळखलं आणि तिचा हात धरला.

"डोळ्यात आपोआप पाणी तयार होत असतं," साहेब समजावू लागले. "ते बाहेर जायला कोपऱ्यात एक मोरी असते. तुमची मोरी जन्मापासून अरुंद. अंधारात बाहुली मोठी झाली की रंगीत पडदा गोळा होऊन मोरीवर बसतो. पाणी तुंबतं, दाब वाढतो, नस दबते. काचबिंदूचाच हा एक प्रकार. दिव्याभोवती रंग दिसतात ते त्याच दाबाने. झोपलात किंवा उजेडात आलात की बाहुली लहान होते, मोरी सुटते."

"म्हणून सकाळी बरं वाटायचं?"

"म्हणूनच. आता दाब उतरला की लेझरने पडद्याला एक बारीक भोक पाडू. दुसऱ्या डोळ्यालाही, कारण मोरी त्याचीही अरुंदच. पण डाव्याचं कडेचं जे गेलंय ते परत येणार नाही. उरलेलं वाचेल."

कुंदाने उजवा डोळा झाकून केबिनच्या भिंतीकडे बघितलं. निम्मी होती.

"मलाच का झालं हे?"

"बायकांना हे पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. बायकांचा डोळा पुढून थोडा लहान असतो, जागा कमी. वय वाढलं की आणखी कमी. डोळे कोरडे पडणं बायकांनाच जास्त, मोतीबिंदूही."

"आणि पुरुषांना?"

"त्यांना मार लागतो. लोखंड, ठिणगी, दगड. कामावर."

"ते गॉगल खिशात ठेवतात म्हणून," राजसी म्हणाली.

लेझर झालं. टिकटिक आवाज, थोडं टोचल्यासारखं, संपलं. घरी आल्यावर कुंदा सरळ खुर्चीवर बसली. नरेंद्र त्या खुर्चीत येऊन बसणार होता, त्याने बघितलं आणि स्टुलावर बसला. भात त्याने केला होता. खालून करपला होता, पण केला होता.

शुक्रवारी मंडळात आरती सुरू झाली आणि बनूबाईंनी ट्यूबलाइट बंद केली. कुंदाने उठून लावली.

"काय करतेस?"

"बायांनो, मला प्रभावळ दिसत नव्हती," कुंदा म्हणाली. "माझ्या डोळ्यात दाब वाढत होता. अर्धा गेला, अर्धा वाचला. तुमच्यातल्या कोणाला अंधारात रंग दिसत असतील, डोकं दुखत असेल, तर पित्ताची गोळी घेऊ नका. उद्याच्या उद्या दाखवा."

खोलीत चुळबुळ झाली. भिंतीचे पोपडे लख्ख दिसत होते. मालिनी रडवेली झाली. "म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नाचं जे सांगितलंस ते?"

"ते खरं आहे गं. त्याला देवी कशाला लागते?"

बनूबाई मात्र उठल्या. रागाने त्यांची मान आणखीच वळली होती. "माझ्या देवीला रोग म्हनतेस? मी डोळा दिलाय तिला!" टाळ सतरंजीवर टाकून त्या निघून गेल्या. पुढच्या शुक्रवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. टाळ तिथेच पडून राहिले. कोणाची हात लावायची हिंमत झाली नाही.

कुंदाच शेवटी त्यांच्या दारात गेली. बनूबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"डावा तुम्ही देवीला दिलात," कुंदा म्हणाली, "मी वाद घालत नाही. पण उजवा तिने मागितलाय का?"

बनूबाईंनी दार आणखी थोडं उघडलं.

"मागितला नसेल तर तो तुमचा आहे. माझ्यासारखीच तुमचीही मोरी अरुंद असेल तर तोही जाईल. मग मंडळात मान कोणीकडे वळवणार?"

"लई तोंड झालंय तुला."

"आधीपासूनच होतं. रिक्षा खाली उभी आहे."

बनूबाई आल्या. रिक्षात देवीचा छोटा फोटो पदराखाली घट्ट धरून बसल्या. काउंटरवरच्या मुलीने कुंदाला बघून हात केला. केबिनमध्ये साहेबांनी बनूबाईंचे दोन्ही डोळे तपासले, सावकाश तपासले. कुंदा शेजारी स्टुलावर बसली होती. बनूबाईंची बोटं फोटोच्या कडेवरून फिरत होती.

"उजवा चांगला आहे," साहेब म्हणाले. "पण मोरी अरुंद आहे. आजच लेझर करून टाकू, वाचेल."

"आन् डावा?"

"डावा फार पूर्वीच गेलाय. ह्यांना झालं तेच तुम्हाला झालं होतं. तेव्हा कळलं असतं तर वाचवता आला असता."

"तेव्हा मी दाखवला व्हता," बनूबाई म्हणाल्या.

साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "कुठे?"

"जांभूळला शाळेत शिबिर लागलं व्हतं. तुमच्याच दवाखान्याची गाडी. बाप्यांची रांग येगळी, बायांची येगळी. बाप्यांना आत नेऊन त्या यंत्राला लावत व्हते. बायांना बाहेरच सुईत दोरा ओवायला सांगत व्हते, ओवला का ठीक, नाय तर चष्मा. मी सांगितला, दिव्याला रंग दिसतात, डोका फुटतो. एक साहेब म्हनले, पित्त हाय. मी दोरा ओवला व्हता. त्यांनी मना घरी धाडला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तेव्हा... म्हणजे, सोयी कमी होत्या. आता आपण उजव्याकडे लक्ष देऊ."

"थांबा," बनूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली. कुंदाला आजवर ठाऊक असलेला तो रुबाब आता नव्हता. एक म्हातारी एका डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहरा नीट शोधत होती आणि तो तिला सापडला होता. "आख्खा जल्म मी म्हनत आले का देवीनं नेला. कंदी तिला दोष नाय दिला. तुम्ही आता सांगता, देवीनं नाय नेला, वाचला असता. मंग माझा डोळा नेला कोनी? तिचं नाव मी इतकी वर्सं उगाच घेतलं. आता खरं नाव मना पायजे. बोला साहेब. कोनी नेला?"